आइसलँडची कॅम्परव्हॅन की माळशेजचा पावसाळा?

ठाण्याहून सहकुटुंब ज्वालामुखीचा प्रदेश आणि धबधबे पाहायचे, तर हे दोन पर्याय विचारात घेता येतात. आइसलँडमध्ये भूमी अजूनही घडत आहे. तेथील सुमारे १,३०० किलोमीटरच्या वर्तुळाकार महामार्गावरून कॅम्परव्हॅनने, म्हणजे आतच झोपण्याची सोय असलेल्या गाडीने, जाताना साधारण ६० मीटर उंचीचे सेल्यालँड्सफॉस आणि स्कोगाफॉस हे धबधबे रस्त्यालगतच दिसतात, आणि पहिल्याच्या तर पडद्यामागून चालता येते. मात्र मुक्काम नेमून दिलेल्या तळांवरच करावा लागतो, अंतर्भागातील ‘एफ’ रस्त्यांवर, म्हणजे डोंगराळ कच्च्या वाटांवर, फोर-व्हील ड्राइव्ह वाहनच लागते आणि वाऱ्यामुळे गाडीचे दार घट्ट धरूनच उघडावे लागते. जूनमध्ये रात्री अंधारच होत नाही. मुलांना झोपवणे हे तेथले सर्वांत अवघड काम ठरावे.

माळशेज घाट कल्याण-मुरबाडमार्गे काही तासांवर आहे. तेथील काळा पाषाणही लाव्हाचाच, परंतु सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला. धबधबे पावसाळ्यापुरते, सोबतीला धुके, दरडी आणि शनिवार-रविवारची कोंडी.

मुले अगदी लहान असल्यास मी आधी माळशेजच निवडेन, तेही आठवड्याच्या मधल्या वारी. आइसलँडला किमान दहा दिवसांची रजा हवी. आठवडाच हाती असेल, तर पूर्ण वर्तुळाचा हट्ट सोडून दक्षिण किनाराच पाहावा.