रंगासकट टाकी घेतली, तिथेच फसलो

पेट्रोलची नवी टाकी मोटरसायकलवर चढवून नववा दिवस होता. सकाळी गाडी पुसताना उजव्या बाजूला, खालच्या कडेपासून दोन बोटं वर, रंगाला नखाएवढा फोड आलेला दिसला. दाबला तर मऊ लागला. बोट नाकाशी नेलं आणि पोटात गोळाच आला, कारण वास पेट्रोलचा होता. त्या फोडाच्या बरोबर खाली इंजिनचं डोकं होतं आणि आदल्या संध्याकाळी मी दोन तास गाडी चालवून आलो होतो.

हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण टाकी स्वतःच्या मनासारखी बनवून घ्यायची हौस असलेले खूप जण आहेत आणि मला ज्या पद्धतीनं फसवलं गेलं, त्या पद्धतीनं कुणालाही फसवता येतं.

खरं तर टाकी मी घरीच बनवायला घेतली होती. जुनी टाकी काढून चॅसीवर थर्माकोलचे तुकडे चिकटवले, ते कापून आणि घासून हवा तसा आकार काढला. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण लॉक करून बोटं अडकत नाहीत ना, ते पाहिलं. टाकीच्या पोटातून चॅसीची नळी जाते, त्या खाचेत चारही बाजूंनी जागा सोडली, कारण गाडी थरथरते आणि नळीला घासलेला पत्रा हळूहळू झिजत जातो. मग त्या आकारावरून पुठ्ठ्याचे साचे कापले: दोन बाजू, वरचा भाग, तळ आणि मधली खाच. एवढ्यात दीड महिना गेला. अडलो तो फक्त वेल्डिंगला. पातळ पत्र्याला धूर न काढता, भोक न पाडता टाका मारणं मला जमत नव्हतं. म्हणून हे काम करणाऱ्या एकाकडे गेलो.

त्यानं साचे हातात घेऊन खूप कौतुक केलं. १.२ मिमी जाडीचा पत्रा, सगळे जोड टिग वेल्डिंगचे (वायूच्या आडोशात केलेलं, पातळ पत्र्याला चालणारं वेल्डिंग), आतून गंज लागू नये म्हणून सीलरचा थर, हवा भरून गळती बघायची प्रेशर टेस्ट, असं सगळं स्वतःहून सांगितलं. मोबाइलवर आधीच्या कामांचे फोटो दाखवले. अर्धे पैसे आधी घेतले, मग पत्रा आणायचा म्हणून आणखी थोडे. मी दोनदा म्हणालो, की मला टाकी कोरीच द्या, रंग मी नंतर देईन. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं : “दादा, रंगासकटच घ्या ना. परत दुसरीकडे हेलपाटे कशाला?” काळजीनं बोलतोय असंच वाटलं मला. माझी सगळ्यात मोठी चूक हीच, की मी ‘बरं’ म्हणालो. कोऱ्या टाकीवर जोड दिसतात, ग्राइंडरच्या खुणा दिसतात, ठिगळ दिसतं. रंग चढला की काहीच दिसत नाही.

टाकी हातात आली तेव्हा आरशासारखी चमकत होती. उचलली तर जड लागली आणि मला उलट बरंच वाटलं, कारण जड म्हणजे मजबूत असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. हिशोब मांडायला हवा होता. एक मिमी जाडीचा पोलादी पत्रा दर चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो. माझ्या साच्यांचं एकूण क्षेत्रफळ साधारण ०.५५ चौरस मीटर होतं, म्हणजे १.२ मिमी पत्रा सव्वापाच किलोच्या आत बसतो. तोंड, कॉकची (पेट्रोल सोडायच्या तोटीची) नळी, बसवायच्या पट्ट्या धरून सहा किलो. नंतर तोलली तर टाकी साडेआठ किलोच्या वर होती.

प्रेशर टेस्टचं विचारलं तेव्हा त्यानं व्हिडिओ दाखवला. टाकी पाण्यात बुडवलेली, एकही बुडबुडा नाही. तो व्हिडिओ मी मागून घेतला होता म्हणून नंतर नीट बघता आला. त्यातल्या टाकीला कॉकचं भोक डाव्या बाजूला होतं. माझ्या टाकीला उजव्या बाजूला आहे.

पहिल्यांदा पेट्रोल भरलं तेव्हाच दुसरी खूण मिळाली. साच्यांवरून माझा हिशोब १४ लिटरचा होता, आणि साडेदहा लिटरलाच पेट्रोल तोंडाशी आलं. फोन केला तर म्हणाला, वर हवेसाठी जागा सोडावी लागते. मग गाडी पंधरा-वीस मिनिटं चालून बंद पडायला लागली. झाकण उघडलं की ‘फुस्स’ आवाज यायचा आणि लगेच गाडी सुरू व्हायची. झाकणाला हवा आत घेणारं भोकच नव्हतं. पेट्रोल खाली उतरलं की टाकीत पोकळी तयार होते आणि कार्बोरेटरला, म्हणजे इंजिनसाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला, पेट्रोल मिळणं थांबतं. त्यानं मात्र कार्बोरेटर ट्यूनिंग करून घ्या म्हणून सांगितलं. मी करूनही घेतलं. तेव्हा कार्बोरेटरच्या वाटीत पिवळट, पापडीसारखे तुकडे निघाले. तो सीलर होता. आतला गंज आणि तेलकटपणा न काढताच ओतलेला सीलर धरत नाही, तो असा सोलून येतो आणि जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, बंद करतो.

आणि मग तो फोड.

टाकी उतरवली, मोकळ्या हवेत रिकामी केली, साबणाच्या गरम पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतली आणि झाकण काढून बरेच दिवस तशीच उघडी ठेवली. मग हातातल्या पटाशीनं फोडापासून रंग खरवडायला घेतला. रंगाखाली प्रायमर, प्रायमरखाली पुट्टी. पुट्टी संपेचना. काही ठिकाणी ती आठ मिमी जाड होती आणि पेट्रोल पिऊन खडूसारखी भुसभुशीत झाली होती. शेवटी धातू लागला, पण त्यावर हिरवा रंग होता. जुना, कंपनीचा हिरवा रंग. कुठल्या तरी भंगारातल्या गाडीची टाकी उभी चिरून, अरुंद करून जोडली होती आणि वरचा सगळा आकार पुट्टीनं चढवला होता. जोडावर तीन-तीन बोटांच्या अंतरावर टाके, आणि मधल्या फटीत इपॉक्सी (वाळून कडक होणारा गोंद) भरलेली. मी दीड महिना खपून कापलेले साचे त्यानं वापरलेच नव्हते, फक्त बाहेरून तसं दिसेल एवढंच पाहिलं होतं.

पुट्टी हा पत्र्यावरचा बारीक खड्डा भरायचा माल आहे. पेट्रोल अडवणं हे तिचं कामच नाही आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर असले भराव आणखी लवकर मऊ पडतात. कागदात गुंडाळलेलं एक साधं लोहचुंबक टाकीवरून फिरवलं असतं, तरी मला पहिल्याच दिवशी कळलं असतं. पातळ रंगावर ते घट्ट धरतं. जाड पुट्टीवर घसरून पडतं.

पुढचं सांगताना अजूनही माझा आवाज चढतो. मी फोटो पाठवले तेव्हा तो म्हणाला, “घेऊन या, दोन टाके मारून देतो.” ज्या टाकीत नऊ दिवस पेट्रोल होतं, जिच्या फटींत आणि पुट्टीत ते मुरलेलं आहे, तिला टाका! पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी उठते. ती हवेपेक्षा जड असते, तळाशी बसून राहते, आणि हवेत दीड ते साडेसात टक्के मिसळली की ठिणगी पुरते. म्हणून काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी दिसणारी टाकी जास्त घातक. पाण्यानं एकदा विसळलं, वास गेला, म्हणजे वाफ गेली असं समजून कुणीही अशा टाकीला वेल्डिंग किंवा ग्राइंडर लावू नका. मी टाकी नेली नाही. पैसे परत मागितल्यावर त्यानं फोन उचलणं बंद केलं. संभाषण, पैसे दिल्याच्या नोंदी, तो व्हिडिओ, खरवडतानाचे फोटो हे सगळं जपून ठेवून मी रीतसर तक्रार दिली आहे.

तुम्ही कुणाकडे काम देणार असाल तर कापलेला पत्रा जोडायच्या आधी एकदा जाऊन बघा, आणि तयार टाकी कोरीच ताब्यात घ्या. टेस्ट तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्याच टाकीवर व्हायला हवी, आणि तीही सायकलच्या हातपंपानं, मीटर लावून. ०.२ बार दाब पुरे. बाजूच्या ६०० चौरस सेंटिमीटर पत्र्यावर तेवढ्यानंही सव्वाशे किलोच्या आसपास जोर येतो. कॉम्प्रेसरची नळी थेट लावली तर टाकी फुग्यासारखी फुगून कायमची वाकडी होते. जोडांवर साबणाचं पाणी लावा आणि कॉकच्या बुडाशी, खाचेच्या कोपऱ्यांत जरा जास्त वेळ थांबा. बुडबुडे तिथेच जास्त येतात.

पुठ्ठ्याचे साचे मी त्याच्याकडून आधीच परत आणले होते. कोपरेसुद्धा दुमडलेले नव्हते. त्यांवरूनच मी पुन्हा पत्रा कापला. आधी तीन आठवडे फक्त तुकड्यांवर टाके मारायला शिकलो, एका जागी लांब टाका न ओढता इकडे एक, तिकडे एक असा मारत आणि मध्ये थंड होऊ देत, म्हणजे पत्रा वाकत नाही. पहिल्या टेस्टला सात ठिकाणी बुडबुडे आले, दुसऱ्या वेळी दोन. तिसऱ्या वेळी दाबाचा काटा तासभर हलला नाही.

ती टाकी आता गाडीवर आहे. रंग अजून दिलेला नाही, तेलाचा हात फिरवून ठेवलाय आणि सगळे जोड उघडे दिसतात. रोज सकाळी खालच्या कडेवरून कोरा कागद फिरवतो आणि उजेडात धरून बघतो. आजही कोरडाच निघाला.