1901 सालच्या कागदावर ‘जि. कोल्हापूर’

43,650 रुपये. पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधून देतो म्हणणाऱ्या माणसाला मी एवढे पैसे दिले आणि हातात आली ती बनावट नोंद. आकडा मुद्दाम सांगते. लाजेपोटी लोक आकडा गिळून बसतात आणि असली माणसं पुढच्या घरी जातात.

नावनोंदणी 3,500. शोधाची फी 12,000. अमेरिकेतल्या मिशनच्या दफ्तराशी पत्रव्यवहार आणि स्कॅन 8,400. मोडी कागदांचं लिप्यंतर 4,750. ‘प्रमाणित प्रत’ 15,000. पाच हप्ते, सगळे यूपीआयने, तीन वेगवेगळ्या नंबरांवर. नंबर बदलला तेव्हा ‘हा मुलाचा आहे’ म्हणाला आणि मी पाठवले. पैसे घेणाऱ्याचा नंबर बदलला की तिथंच थांबा.

मी अगदीच अडाणी नव्हते. मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, जुन्या वह्या मी पाहिलेल्या आहेत. आणि हा माणूस सुरुवातीला खरंच बोलत होता. अमेरिकन मिशनरी वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले, 1870 साली ते मिशन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं, कोडोलीला मिशनचं ठाणं होतं, हे त्यानं न अडखळता सांगितलं. आमचे पणजोबा 1899-1900 च्या दुष्काळात पोरके होऊन मिशनच्या आश्रयाला आले एवढंच घरात सांगत. मूळ गाव कोणालाच ठाऊक नाही, आम्हाला तेच हवं होतं. हे मीच त्याला पहिल्या भेटीत सांगून टाकलं, आणि बरोबर तेच त्यानं कागदावर लिहून आणलं. आपल्याला काय सापडायला हवं ते शोधणाऱ्याला आधी सांगू नका.

आता ती नोंद. ‘रविवार, ता. 12 मार्च 1901’. खाली पणजोबांचं नाव, वडिलांचं नाव, आमचं आजचं आडनाव, गाव, आणि पुढे ‘ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर’.

1901 साली कोल्हापूर जिल्हा कुठून आला? ते संस्थान होतं, गादीवर शाहू महाराज होते. मुंबई राज्यात विलीनीकरण 1 मार्च 1949 ला झालं, जिल्हा त्यानंतरचा. तेव्हाचे कागद ‘इलाखा करवीर’ म्हणतात आणि तालुक्याच्या जागी पेटा असतो: करवीर, पन्हाळा, आळते, शिरोळ, गडहिंग्लज, भुदरगड. आज हातकणंगले तालुक्यात असलेली बरीच गावं तेव्हा आळते पेट्यात होती. हे मला माहीत होतं. शाळेपासून माहीत होतं! तरी तो फोटो तीन आठवडे माझ्या फोनमध्ये होता, घरच्या ग्रुपवर मीच टाकला, आत्याला मीच मोठ्यानं वाचून दाखवला. ‘जि. कोल्हापूर’ हे शब्द माझ्याच तोंडून बाहेर पडले आणि मला काही खटकलं नाही. आत्या रडत होती, त्या क्षणी कागद तपासायचं कोणाला सुचणार? पण तपासायला हवा होता. 12 मार्च 1901 ला मंगळवार होता. फोनचं कॅलेंडर मागे सरकवलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

मोडीचं तर अजून वाईट. ‘पणजोबांच्या जन्माची गावदप्तरातली नोंद’ म्हणून त्यानं तीन पानं दिली आणि टाइप केलेलं लिप्यंतर जोडलं. पुढे खऱ्या मोडी वाचकाकडे नेली तर तो निघाला कर्जरोखा, नावं भलत्याच लोकांची, वर साल शके 1779. त्यात 78 मिळवा, 1857 येतं. पणजोबांच्या जन्माच्या कितीतरी आधीचं. मोडी अक्षर येत नसलं तरी आकडे बहुतेक देवनागरीसारखेच असतात, ते मलाही वाचता आले असते. कागद जुना आणि खरा, म्हणूनच मी फसले. कुणबी नोंदींची धावपळ सुरू झाल्यापासून मोडी कागदांच्या झेरॉक्स हातोहात फिरतात, त्यातलाच एखादा असणार. सन नुसताच लिहिला असेल तर फसली की सुहूर, यातली कुठली जुनी कालगणना ते विचारा: इसवी सन काढायला फसलीत 590 किंवा 591 मिळवायचे, सुहूरमध्ये 599 किंवा 600.

अमेरिकेच्या नावाखाली घेतलेले 8,400 तर सरळ चोरी होती. फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत मिशनऱ्यांची पत्रं आणि अहवाल आहेत. गावच्या मंडळीची बाप्तिस्म्याची वही सहसा त्या मंडळीकडेच राहते. आणि तिथल्या लोकांना ईमेल आपणही करू शकतो, मध्ये दलाल कशाला? लंडनला मुंबई इलाख्याच्या चर्च नोंदी आहेत, एन/3 या क्रमांकाखाली, पण त्यात मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन कुटुंबं. संस्थानातल्या मराठी ख्रिस्ती माणसासाठी कोणी ‘लंडनचा शोध’ विकत असेल तर दार लावा.

फसवणूक कळल्यावर पोलीस ठाण्यात गेले. पहिला प्रश्न: “ओ ताई, पैसे तुम्ही स्वतःच दिलाय नव्हं?” दुसरा: “एवढ्या जुन्या कागदाचं करायचं काय हाय?” मग सांगितलं, ही दिवाणी बाब आहे. कशी दिवाणी? खोटा शिक्का मारून प्रत विकली आहे! दुसरीकडे पाठवलं, ऑनलाइन पैसे गेलेत म्हणून. तिथं म्हणाले, माणूस समोर भेटला होता, मग तुमच्याच ठाण्यात जा. चार खेपा. बँकेत सांगितलं की पैसे तुमच्याच पिननं गेलेत. ज्या मंडळीचा शिक्का त्या प्रतीवर उमटवला होता त्यांना लेखी पत्र दिलं, पोच घेतली, उत्तर नाही. त्यांच्या नावानं खोटी प्रत बाजारात फिरते आहे आणि त्यांना वही उघडून ‘आमच्याकडे अशी नोंद नाही’ एवढी ओळ लिहून द्यायला वेळ नाही. ती ओळ मिळाली असती तर दिवाणी-फौजदारीचा घोळच मिटला असता.

ठाण्यात तक्रार घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली पोलीस अधीक्षकांना टपालानं लेखी तक्रार पाठवा. त्यांनीही काही केलं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मी रजिस्टर पोस्टानं पाठवली आहे. पैसे नुकतेच गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. मी महिन्यानंतर केला, तोवर उशीर झाला होता.

एकाच नोंदीचा कापलेला फोटो घेऊ नका. पूर्ण पान मागा, वरच्या-खालच्या नोंदींसकट; खोटं करणाऱ्याला एक ओळ जमते, अख्खं पान जमत नाही. प्रमाणित प्रतीवर वहीचं नाव, पान, नोंद क्रमांक, वही ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची सही आणि तारीख हवी. वहीत खाडाखोड, शाईचे डाग, गावाच्या नावाची वेडीवाकडी इंग्रजी स्पेलिंग असतात. वडगाव आणि वाडगाव एकसारखंच लिहिलेलं सापडतं. पोरक्या मुलांच्या नोंदीत वडिलांचं नाव नसणंही नवल नाही. माझ्या प्रतीत सगळे रकाने नीट भरलेले होते.

पैसे देण्याआधी घरचं बायबल उघडून पहिली पानं बघा, दफनभूमीतला दगड वाचा. आजोबांच्या शाळेतलं जनरल रजिस्टर बघा, जन्मस्थान तिथं लिहिलेलं असतं. गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी वही, तहसीलमधून माहिती अधिकारात मागता येतं: अर्जाला 10 रुपये, प्रतीला पानामागे 2 रुपये. मंडळीच्या खासगी वह्यांना तो कायदा लागत नाही, तिथं पाळकांना भेटूनच विचारावं लागतं. बाप्तिस्म्याआधीचं गाव कळलं तर त्या गावाच्या हेळव्याला, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वंशावळी लिहून ठेवणाऱ्याला, गाठा. त्याच्या वहीत भावकी सापडू शकते.

माझ्या प्रतीवर पान 47, नोंद क्रमांक 112 आहे, आणि तारीख तीच, 12 मार्च 1901. तुमच्याही प्रतीवर हेच आकडे असतील तर कळवा, जबाब एकत्र देऊ.