मराठी विश्वकोशाचं संकेतस्थळ: इतिहासाच्या प्रकल्पाला कितपत कामाचं?

आठवी ते बारावीच्या इतिहासाच्या प्रकल्पासाठी मराठीत फुकट आणि भरवशाचं काही हवं असेल, तर आधी मराठी विश्वकोशच उघडावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९७६ साली निघाला, विसावा २०१५ मध्ये. हे खंड आता मोबाइलवर वाचता येतात. खरी किंमत नोंदीच्या तळाशी आहे: तिथे लेखकाचं नाव असतं आणि बऱ्याच नोंदींखाली संदर्भग्रंथांची यादी. प्रकल्पात संदर्भ म्हणून नुसता संकेतस्थळाचा पत्ता देण्यापेक्षा नोंदीचं शीर्षक, लेखक आणि खंड क्रमांक लिहावा.

शोधसुविधा मात्र डोक्याला ताप आहे. शोधपेटीत नुसतं ‘फुले’ टाकलं की महात्मा फुल्यांच्या आधी झाडंझुडपं हजर होतात, कारण वनस्पतींच्या जवळजवळ प्रत्येक नोंदीत ‘फुले पांढरी’, ‘फुले पिवळी’ असं वर्णन असतंच. ‘ज्योतिबा’ लिहून भागत नाही. कोशातलं लेखन ‘जोतीराव’ असं आहे. व्यक्तिनोंदीत आडनाव आधी, नाव नंतर. म्हणून ‘फुले जोतीराव’ असंच टंकावं. एवढ्यावर सापडलं नाही तर अकारविल्हे सूचीतून जावं, वेळ वाचतो. नोंदीत मध्येच बाण दिसला तर त्या विषयावर स्वतंत्र नोंद आहे असं समजावं. एका लढाईवरून तिथल्या किल्ल्यावर, किल्ल्यावरून घराण्यावर जायची वाट हीच, आणि चांगला प्रकल्प इथेच उभा राहतो.

दुसरी अडचण वयाची. खंड अकारविल्हे निघाले, त्यामुळे अक्षरावरून नोंदीचं वय कळतं. अमरावतीची नोंद पहिल्या खंडातली. १९७६ च्या खंडात १९७१ नंतरची जनगणना येणार कुठून? शिवकाळ किंवा पेशवाईतल्या घटनांना याने फारसं बिघडत नाही, पण लोकसंख्या, जिल्ह्यांच्या हद्दी, देशांची नावं इथून जशीच्या तशी उतरवली की मार्क गेलेच. पानावरची तारीख मजकूर संकेतस्थळावर चढवल्याची असते. तिला लेखनाचं साल समजू नये. ज्ञानमंडळांनी, म्हणजे विश्वकोशासाठी काम करणाऱ्या विषयवार तज्ज्ञांच्या गटांनी, लिहिलेल्या नव्या नोंदी वेगळ्या असतात, त्यांच्याखाली समीक्षकाचंही नाव असतं. एकाच विषयावर दोन्ही मिळाल्या तर दोन्ही वाचाव्यात आणि आकडे नव्या नोंदीतले घ्यावेत.

भाषा जड आहे, हे मान्य करावंच लागतं. संस्कृतप्रचुर, लांबलचक वाक्यं. सातवीच्या खालच्या मुलाच्या हाती हे एकट्याने देण्यात अर्थ नाही. कुमार विश्वकोश मुलांसाठी आहे खरा, पण त्याचे ‘जीवसृष्टी आणि पर्यावरण’चे भाग इतिहासाला उपयोगाचे नाहीत. मोठ्या मुलांनी आधी पाठ्यपुस्तकातला धडा वाचून साल आणि नावं वहीत उतरवावीत, मग नोंद उघडावी. उलट क्रमाने केलं की पहिल्या दोन परिच्छेदांतच मूल थकतं आणि सरळ कॉपी-पेस्टकडे वळतं. शिक्षकांना ते लगेच ओळखू येतं. ‘तत्कालीन राजकीय परिस्थितीच्या पार्श्वभूमीवर’ असं नववीतलं पोरगं आपणहून लिहीत नाही.