अकरा माणसांच्या ऑफिसला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरतो का? स्लॅक, टीम्स आणि गूगलशी ताडून पाहताना

इंदूरच्या रामबागेत आमचं करसल्ल्याचं ऑफिस आहे, माणसं अकरा. बरीच वर्षं सगळं काम एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालायचं. मग एका डिसेंबरात, जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्राची ३१ तारीख तोंडावर आली असताना, सियागंजातल्या एका व्यापाऱ्याचं जुलैचं बिल सापडेना. बिलाचा फोटो ज्या मुलाच्या फोनवर आला होता, तो दिवाळीआधीच नोकरी सोडून गेलेला. शेवटी त्या व्यापाऱ्याकडेच बिल पुन्हा मागावं लागलं. त्या दिवसापासून माझी कसोटी एकच: सहा महिन्यांपूर्वीचा कागद नव्या माणसाला कुणाला न विचारता सापडतो का?

व्हॉट्सअ‍ॅप कुणाला शिकवावं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण ग्रुपमध्ये नव्याने आलेल्याला आधीचं सगळं बोलणं दिसत नाही. आणि जो गेला त्याला ग्रुपमधून काढलं, तरी क्लायंटचे कागद त्याच्या फोनमध्ये राहतातच. हे मला जास्त टोचतं. लोक आपल्यावर भरवसा ठेवून पॅन आणि बँकेची स्टेटमेंटं पाठवतात.

वापरायला मला सगळ्यात आवडलं ते स्लॅक, म्हणजे ऑफिसातल्या आपसातल्या बोलण्यासाठीचं अ‍ॅप. विषयवार चॅनल, एकेका प्रश्नाची उत्तरं त्याच्याच खाली, आणि खुल्या चॅनलमधलं जुनं बोलणं नव्या माणसालाही वाचता येतं. अडचण फुकटच्या योजनेत आहे: ९० दिवसांपलीकडचे मेसेज दिसत नाहीत, वर्षाहून जुने तर पुसलेच जातात. आमचं जुलैतलं बोलणं डिसेंबरात लागतं. म्हणजे पैसे भरणं आलं, तेही माणशी दरमहा. दिवसभर आपसात बोलत काम करणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांनी ते जरूर भरावेत. आमचं काम बोलण्यापेक्षा कागदांचं.

ऑफिसात मायक्रोसॉफ्ट ३६५ (वर्ड, एक्सेल वगैरेंचा संच) त्याच्या टीम्स या चॅट-अ‍ॅपसकट आधीच घेतलेलं असेल, तर वेगळं काही शोधू नका. एक्सेलची फाइल तिथेच उघडून तिघं-चौघं एकाच वेळी भरू शकतात. फक्त जुन्या, कमी रॅमच्या संगणकांवर टीम्स जड पडतं. हिशेब झोहो बुक्सवर असतील, तर चेन्नईच्या त्याच कंपनीचं ‘क्लिक’ हे चॅट-अ‍ॅप आधी पाहा.

आम्ही गूगल वर्कस्पेस, म्हणजे गूगलची ऑफिसांसाठीची सशुल्क सेवा घेतली, आणि ती चॅटसाठी नाही, फाइली ठेवायच्या ड्राइव्हसाठी. प्रत्येक क्लायंटचा फोल्डर, त्यात वर्षवार कागद. शीटमध्ये कुठला आकडा कुणी, कधी बदलला तेही मागे जाऊन पाहता येतं. मात्र हे घरच्या जीमेल खात्यांवर करू नका. तिथे मेल, फोटो आणि फाइली मिळून जागा १५ जीबी, आणि फाइल ज्याने बनवली त्याच्याच मालकीची. म्हणजे पुन्हा तेच दुखणं. वर्कस्पेसमध्येही सगळ्यात स्वस्त योजनेवर थांबू नका. बिझनेस स्टँडर्डपासून शेअर्ड ड्राइव्ह मिळतो आणि त्यातली फाइल ऑफिसच्या मालकीची असते. आम्ही जास्तीचे पैसे मोजले ते एवढ्यासाठीच.

सियागंजातले व्यापारी व्हॉट्सअ‍ॅप सोडणार नाहीत, आणि आपण तसं सांगूही नये. त्यांच्यासाठी ऑफिसचा एकच नंबर ठेवलाय. तो एका फोनवर आणि त्याला जोडलेल्या चार संगणकांपर्यंत चालतो. दिवसभरात आलेले फोटो ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये गेल्याशिवाय संध्याकाळी ऑफिसला कुलूप लागत नाही.