सी-स्पॅनची व्हिडिओ लायब्ररी: महाभियोगाचा वाद कात्री न लावता बघायचा असेल तर

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षावर महाभियोग आणावा की नाही यावर आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पण तावातावाने भांडणं होतात, ट्रम्पच्या वेळी दोन्हीदा झाली, आणि बहुतेक जण बोलत असतात ते कुठूनतरी फॉरवर्ड होऊन आलेल्या अर्ध्या मिनिटाच्या क्लिपवरून. क्लिपमध्ये एक खासदार ओरडतो, खाली हजार कॉमेंट येतात, पण त्याच्या आधी कोण काय बोललं आणि नंतर समोरच्याने काय उत्तर दिलं ते कुणीच बघितलेलं नसतं. ज्यांना हे सगळं पूर्ण बघायचंय त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. सी-स्पॅनची व्हिडिओ लायब्ररी, वेबसाइटवर फुकट, पाचपैकी साडेचार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सी-स्पॅन हे 1979 मध्ये सुरू झालेलं अमेरिकेतलं ना-नफा चॅनल, ब्रायन लॅम्ब या माणसाने उभं केलेलं, सरकारचा एक पैसा घेत नाही, टीव्हीवर जाहिराती नाहीत, केबल कंपन्या दर ग्राहकामागे महिन्याला काही सेंट देतात त्यावर चालतं. हाउसचं (काँग्रेस म्हणजे तिकडची संसद, तिचं हे कनिष्ठ सभागृह) कामकाज तेव्हापासून, सिनेटचं (वरिष्ठ सभागृहाचं) 1986 पासून. आणि 1987 पासूनचं सगळं रेकॉर्डिंग इंडियानातल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीजवळच्या अर्काइव्हमध्ये साठवत गेले, आणि 2010 मध्ये ते सगळं लोकांना फुकट खुलं करून टाकलं. म्हणजे क्लिंटनचा महाभियोग, ट्रम्पचे दोन, कमिटीच्या सुनावण्या, पत्रकार परिषदा, सगळं तिथे आहे, आणि कुणीही मध्ये येऊन "बघा बघा आता काय म्हणाले" करत नाही. निवेदक नाही, खाली लाल पट्टी नाही, चौकटी-चौकटीत आठ डोकी नाहीत. आपल्याकडे रात्री नऊच्या डिबेट बघून कंटाळलेल्या माणसाला हे पहिल्या पाच मिनिटांत संथ वाटेल हे कबूल, पण वीस मिनिटं टिका, मग जागचे हलणार नाही.

शोधायची पद्धत सोपी आहे. माणसाचं नाव टाका, त्याचं वेगळं पान येतं, त्यावर त्याची सगळी भाषणं. किंवा तारीख टाका. हाउसच्या दिवसभराच्या व्हिडिओखाली कोण कधी बोललं त्याचं टाइमलाइन असतं आणि शेजारी मजकूर, त्यावर क्लिक केलं की व्हिडिओ त्याच जागी जातो. हा मजकूर लाइव्ह कॅप्शनमधून जसाच्या तसा उचललेला असतो, तपासलेला नसतो, तसं ते स्वतःच लिहितात, त्यामुळे कुठे उद्धृत करायचं असेल तर कानाने ऐकून खात्री करा. फुकट अकाउंट काढलं की हवा तो तुकडा कापून लिंक पाठवता येते, आणि यातली भारी गोष्ट म्हणजे त्या लिंकवरून मूळ पूर्ण व्हिडिओवर जाता येतं. म्हणजे क्लिप पाठवणाऱ्याला तुम्ही लगेच विचारू शकता की बाबा याच्या आधीचं ऐकलंस का.

आता मुद्द्याचं. 18 डिसेंबर 2019 चा दिवस लावा. ट्रम्पवरचे दोन आरोप, सत्तेचा गैरवापर आणि काँग्रेसच्या कामात अडथळा. चर्चेला सहा तास ठरलेले, दोन्ही पक्षांना निम्मे निम्मे, आणि एवढ्या खासदारांना वाटून द्यायचे म्हणून एकेकाला मिनिट दीड मिनिट. सुरुवातीला वाटतं हे काय रेल्वेच्या तिकिटाच्या रांगेसारखं, आला, बोलला, गेला. पण ऐकत राहिलं की कळतं की दोन बाजू खरं म्हणजे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. डेमोक्रॅट म्हणतात राष्ट्राध्यक्षाने युक्रेनवर दबाव टाकून स्वतःच्या निवडणुकीसाठी मदत मागितली, याला काही शिक्षा आहे की नाही. रिपब्लिकन म्हणतात निवडणूक वर्षभरावर आलीय, लोकांनी निवडून दिलेला माणूस तुम्ही काढणारे कोण, आणि ही चौकशीच एकतर्फी झाली. एका रिपब्लिकन खासदाराने तर येशूला शिक्षा देणाऱ्या रोमन सुभेदार पिलातानेही त्याला यापेक्षा जास्त हक्क दिले होते असं सांगितलं, दुसऱ्याने पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याशी तुलना केली. या दोन्ही क्लिप तेव्हा खूप फिरल्या. पण त्याच दिवशी जॉन लुइस बोलले, नागरी हक्कांच्या लढ्यात लाठ्या खाल्लेले, तब्येत ढासळलेली (पुढच्या जुलैत ते गेले), ते म्हणाले की उद्या आपली मुलं आणि त्यांची मुलं विचारतील, तेव्हा तुम्ही काय केलंत, काय बोललात. हे त्या सहा तासांच्या गदारोळात मधेच येतं आणि मला विचाराल तर तिथे ते जास्त लागतं, सुटी क्लिप बघून तेवढं लागत नाही.

निकाल वाचला तेव्हा डेमोक्रॅट बाकांवरून टाळ्या सुरू व्हायला लागल्या आणि स्पीकर नॅन्सी पेलोसींनी नुसती मान वळवून आणि हाताने इशारा करून त्या थांबवल्या. 230 विरुद्ध 197, दुसऱ्या आरोपावर 229-198. त्या एका नजरेत दिसतं की हा आनंदाचा दिवस समजायचा नाही हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. तुम्ही ट्रम्पच्या बाजूचे असा नाहीतर विरोधातले, तो क्षण बघाच.

सिनेटचा भाग वेगळा. हाउसने आरोप मंजूर केले की खटला सिनेटमध्ये चालतो. तिथे शंभर सिनेटर न्यायाधीशासारखे बसतात, दोषी ठरवायला दोन तृतीयांश म्हणजे 67 मतं लागतात, आणि आजवर एकाही राष्ट्राध्यक्षाला ती पडलेली नाहीत. 1868 मध्ये अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचले, क्लिंटनच्या वेळी दोन आरोपांवर दोषी म्हणणारी मतं 45 आणि 50, ट्रम्पच्या पहिल्या खटल्यात 48 आणि 47. त्या 48 मध्ये एकच रिपब्लिकन, मिट रॉम्नी. 5 फेब्रुवारी 2020 चं त्यांचं भाषण शोधा. देवासमोर घेतलेल्या शपथेबद्दल बोलताना ते मधेच थांबतात, आवाज जातो, पुन्हा सुरू करतात. स्वतःच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला दोषी ठरवायला मत देणारा अमेरिकेच्या इतिहासातला तो पहिला सिनेटर. मला त्यांचं राजकारण पटत नाही पण ते भाषण मी आदराने ऐकतो.

पण या लायब्ररीची खरी किंमत कळते ती फेब्रुवारी 2021 मध्ये. दुसरा खटला, 6 जानेवारीला कॅपिटलवर, म्हणजे तिकडच्या संसद भवनावर, झालेल्या हल्ल्याचा. हाउसने ठराव मंजूर केला तेव्हा ट्रम्प पदावर होते, खटला सुरू झाला तेव्हा नव्हते, त्यामुळे पहिलाच वाद असा की माजी राष्ट्राध्यक्षावर खटला चालवता तरी येतो का. हाउसच्या बाजूने खटला मांडणारे खासदार जेमी रॅस्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हल्ल्याचा साधारण तेरा मिनिटांचा व्हिडिओ दाखवला आणि घटनेचा युक्तिवाद केला. त्यानंतर ट्रम्पचे वकील ब्रूस कॅस्टर उभे राहिले आणि बराच वेळ इकडेतिकडे भरकटत राहिले. मग मतदान, खटला चालवता येतो या बाजूने 56-44. आणि इथे लुइझियानाचे रिपब्लिकन सिनेटर बिल कॅसिडी, ज्यांनी दोन आठवड्यांपूर्वी याच प्रश्नावर उलट मत दिलं होतं, त्यांनी बाजू बदलली आणि कारण सरळ सांगितलं, की दोन्ही युक्तिवाद ऐकले आणि हाउसच्या लोकांचा जास्त चांगला होता. शेवटी त्यांनी दोषी असं मत दिलं (57-43, तरीही 67 ला कमीच) आणि त्यांच्या राज्यातल्या पक्षाने त्याच दिवशी त्यांच्या निषेधाचा ठराव केला.

मंडळी, हे केवढं मोठं आहे बघा. सगळे म्हणतात राजकारणात ऐकून कुणाचं मत बदलत नाही, सगळं आधी ठरलेलं असतं. इथे एका माणसाचं बदललं, आणि ज्या युक्तिवादांनी बदललं ते शब्द न् शब्द तुम्ही आज घरबसल्या ऐकू शकता, आणि तुम्हाला पटतात का ते स्वतः ठरवू शकता. मी तो पूर्ण दिवस ऐकलाय आणि कॅसिडींशी सहमत झालोय. तुम्ही नाही झालात तरी चालेल, पण ऐकून व्हा किंवा होऊ नका.

सकाळचा फोन-इन कार्यक्रम पण याच लायब्ररीत आहे, वॉशिंग्टन जर्नल, 1995 पासून रोज, तिकडचे सकाळी सात म्हणजे आपले संध्याकाळी साडेचार किंवा थंडीत साडेपाच. फोनच्या लाइन वेगवेगळ्या, डेमोक्रॅटांची एक, रिपब्लिकनांची एक, अपक्षांची एक. निवेदक वाद घालत नाही, मान डोलावतो, पुढचा फोन घेतो. महाभियोगाच्या दिवसांतले भाग ऐका, साधी माणसं, कुणी निवृत्त सैनिक, कुणी नोकरीला निघालेलं, आणि जे मुद्दे खासदार मिनिटभरात गुंडाळतात ते ही माणसं आपल्या भाषेत सावकाश सांगतात. काही जण धादांत खोटं पण बोलून जातात आणि निवेदक ते नेहमी अडवत नाही, ही त्या शांतपणाची खरी किंमत आहे आणि मला ती खटकते.

अर्धा गुण कापला तो कॅमेऱ्यासाठी, आणि त्यात सी-स्पॅनचा दोष नाही. सभागृहातले कॅमेरे हाउस आणि सिनेटच्या ताब्यात असतात, सी-स्पॅनला फक्त चित्र मिळतं. बोलणारा दिसतो, ऐकणारा दिसत नाही. 2020 च्या खटल्यात सिनेटर पेंगत होते, कुणीतरी फिजेट स्पिनर वाटले होते, हे सगळं पेपरवाल्यांनी लिहिलं म्हणून कळलं. जानेवारी 2023 मध्ये स्पीकरच्या निवडीचा घोळ चालला होता तेव्हा सी-स्पॅनचे स्वतःचे कॅमेरे आत होते आणि त्यांना मोकळीक होती, कोण कुणाशी कुजबुजतंय ते सगळं दिसलं, लोकांनी अक्षरशः चिकटून बघितलं, आणि नंतर पुन्हा जुना कारभार. एवढ्या मोठ्या निर्णयाच्या वेळी मत देणाऱ्यांचे चेहरे लोकांना दिसले पाहिजेत असं माझं ठाम मत आहे.

आपल्या लोकांसाठी एक खास गोष्ट. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार आता मिशिगनमधून हाउसवर आहेत, एप्रिल 2025 मध्ये त्यांनी ट्रम्पवर सात कलमांचा महाभियोग ठराव मांडला आणि मे महिन्यात त्यावर मतदान घ्यायची नोटीस दिली. त्यांच्याच डेमोक्रॅट पक्षातले लोक नाराज झाले, आत्ता ही वेळ नाही, मतं नाहीत, उगाच तोंडघशी पडू, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मतदान मागितलं नाही. जूनमध्ये त्यांच्याच पक्षाचे खासदार अल ग्रीन यांचा इराणवरच्या हल्ल्यावरून आलेला ठराव तर 344-79 असा बाजूला ठेवला गेला, म्हणजे बरेच डेमोक्रॅटही त्यात सामील. मतं नसताना ठराव आणावा की नाही हा वाद मला आजच्या घडीला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ठाणेदारांचं नाव टाकून बघा, त्यांच्या इंग्रजीत अजून बेळगाव ऐकू येतं.

आणि हो, 1993 मध्ये आपल्या लोकसभेत न्यायमूर्ती व्ही. रामस्वामींवरचा महाभियोगाचा ठराव आला होता, कपिल सिब्बल सभागृहात उभे राहून त्यांची बाजू मांडत होते, 196 मतं बाजूने, विरोधात एकही नाही, 205 तटस्थ, लागणारं बहुमत झालं नाही म्हणून ठराव पडला. असा वाद नावाने, मिनिटाने शोधून बघायची सोय आपल्याकडेही हवी, खूप हवी.

पहिल्यांदा वापरणार असाल तर 19 डिसेंबर 1998 पासून सुरू करा. स्पीकर व्हायला निघालेले बॉब लिव्हिंगस्टन क्लिंटनला राजीनामा द्या म्हणतात, समोरून ओरडा होतो की तुम्हीच द्या, आणि ते तिथल्या तिथे आपण जातोय असं जाहीर करतात. त्याच्या आधीची दहा मिनिटं सोडू नका.