डॅनिश नात्यांची कार्डं : घ्या, पण मागचं इंग्रजी सोडून द्या

लेक डेन्मार्कला ऑर्‌हूसमध्ये असते, जावई तिकडचेच, नात आता बोलायला लागलीये, म्हणून नात्यांच्या शब्दांची ही डॅनिश कार्डं ऑनलाइन मागवली, सांगलीत विश्रामबागला पाचव्या दिवशी घरपोच आली. पुठ्ठा जाड आहे, अक्षर मोठं, चष्मा न लावता वाचता येतं. प्रत्येक कार्डावरचा कोड मोबाईलने स्कॅन केला की उच्चार ऐकू येतो आणि तो ऐकाच, कारण लिहितात मोर म्हणजे आई आणि फार म्हणजे बाबा, पण बोलताना शेवटचा र गिळतात, मोअ आणि फा असंच ऐकू येतं.

तक्रार एकच पण मोठी आहे. मागच्या बाजूला सगळं इंग्रजी. मोस्तर, अर्थ आंटी. फास्तर, अर्थ परत आंटी! अहो मोस्तर म्हणजे सरळ मावशी की, आणि फास्तर म्हणजे आत्या, मोरब्रोर मामा, फारब्रोर काका. आपल्याकडे जसं वेगळं तसंच तिकडे वेगळं, आणि हे मधे इंग्रजी आणून सगळ्याचा काला करून ठेवलाय. मी हरभट रोडवरून पांढरे स्टिकर आणले, इंग्रजीवर चिकटवले आणि स्केचपेनने मराठी लिहिलं, त्यानंतर दोन दिवसांत पाठ झालं सगळं.

एका बाबतीत तर ते आपल्या पुढे आहेत. आपल्याला दोन्हीकडच्या आज्या नुसत्या आजी, त्यांच्यात आईची आई मोरमोर आणि बाबांची आई फारमोर, म्हणजे मी मोरमोर झाले. पहिल्यांदा कॉलवर नातीने तसं म्हटलं ना, गळा भरून आला. सासरच्या नात्यांना मात्र ते फार काटकसर करतात, बहुतेकांना पुढे स्विगर लावायचं, स्विगरमोर सासू, स्विगरफार सासरा, (त्यातला ग बोलताना ऐकूच येत नाही) आणि स्विगरइंदे या एकाच शब्दात नणंद, वहिनी, जाऊ तिघी. आपल्या घरात असं चाललं नसतं.

पाचपैकी चार स्टार. मराठी असतं तर पाच दिले असते. विहिणीचं कार्ड पाकिटात नाहीये, दोन कोरी कार्डं दिलीत त्यातल्या एकावर मी विहीणबाई लिहिलंय, दुसऱ्या बाजूला काय लिहायचं ते त्यांनाच विचार म्हणून लेकीला सांगितलंय.