जुन्या वाघिणींची बनावट ड्रॉइंग

जुन्या वाघिणींची, म्हणजे मालगाडीच्या डब्यांची, बनावट ड्रॉइंग विकत घेऊन मी फसलो; रेल्वेच्या प्रतिकृती हौसेने, पण मापात बांधणाऱ्यांसाठी तो अनुभव लिहीत आहे. ज्या व्यक्तीने मला फसवले ती आजही पुण्यातल्या आणि मुंबईतल्या हौशी मंडळींच्या संपर्कात आहे, आणि तिची पद्धत इतकी ठरलेली आहे की ती एकदा कळली तर पुढच्या माणसाचे पैसे वाचतील. माझे एकूण 26,500 रुपये गेले. रकमेपेक्षा अधिक त्रास दिला तो त्या खोट्या कागदांवर विसंबून केलेल्या कामाने, कारण बोहरी आळीतून आणलेला पितळी पत्रा, त्यावर करून घेतलेले एचिंग (रसायनाने केलेले कोरीवकाम) आणि जुळवलेल्या चौकटी, हे सगळे आता भंगारात काढण्याखेरीज इलाज नाही.

भोर घाट चढून पुण्याकडे येणारी, 1930 नंतरच्या काही वर्षांतली एक मालगाडी मी 1:87 प्रमाणात उभी करतो आहे. हा काळ निवडण्याला कारण आहे. 1929 साली कल्याण ते पुणे या मार्गाचे विद्युतीकरण पुरे झाले, त्याच वर्षी घाटातले गाडीची दिशा उलटवण्याचे जुने स्थानक बंद होऊन नवी वाट सुरू झाली, आणि 37 फुटांना एक फूट अशा चढावर ‘खेकडा’ या नावाने ओळखली जाणारी विजेची इंजिने मालगाड्या ओढू लागली. इंजिनाची माहिती मिळवणे तुलनेने सोपे आहे. त्याचे फोटो भरपूर आहेत, ते बांधणाऱ्या कारखान्यांची नोंद आहे आणि त्यातले एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. इंजिनामागच्या चारचाकी वाघिणींचे मात्र तसे नाही. वाघिणीचा फोटो मुद्दाम कोणी काढत नसे. ती आयुष्यभर मळकट असे, आणि निकामी झाली की तिचे तुकडे करून लोखंड विकले जाई. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या बंद मालडब्याच्या दाराला किती बिजागऱ्या होत्या, ब्रेकचा दांडा कोणत्या बाजूला होता, पत्र्याच्या जोडावरच्या रिव्हेटची ओळ एकेरी होती की दुहेरी, अशा प्रश्नांची उत्तरे शोधण्यात वर्षे जातात. ग्लॉस्टरसारख्या विलायती वाघीण कारखान्यांनी तयार डबा फाटकाबाहेर काढण्यापूर्वी घेतलेले फोटो, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे दप्तर, रेल्वे बोर्डाचे वार्षिक अहवाल, जुन्या अभियांत्रिकी नियतकालिकांतले लेख, असे तुकडे जोडत जावे लागते आणि तरीही मधे भोके राहतात. या भोकांवरच त्या माणसाचा धंदा चालतो.

त्याची ओळख एका प्रदर्शनात, एका सज्जन परिचिताच्या मार्फत झाली. परिचिताचाही यात दोष नाही. त्यालाही नंतर तसलेच कागद विकले गेले. आपले सासरे रेल्वेच्या वाघीण कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, त्यांच्या मागे दोन ट्रंका भरून ड्रॉइंग आणि फोटो राहिले आहेत, घरात कोणालाच त्यात रस नाही, आणि रद्दीत जाण्यापेक्षा जाणकाराकडे गेलेले बरे, अशी त्याची सुरुवात होती. पैशांचा विषय त्याने काढलाच नाही. उलट बॉक्सएन आणि बीसीएन या दोन आधुनिक वाघिणींच्या ड्रॉइंगच्या स्कॅन प्रती त्याने फुकट पाठवल्या. मी त्या तपासल्या. बॉक्सएनची कपलरसह लांबी 10,713 मिलिमीटर, रिकामे वजन 22.47 टन, बीसीएनची लांबी 15,429 मिलिमीटर, सारे आकडे बरोबर होते. बरोबर असणारच होते, कारण ही पत्रके अस्सल आहेत आणि हौशी लोकांमध्ये वर्षानुवर्षे फिरत आहेत. जे कोणालाही मिळू शकते ते खरे देऊन, जे कोणाकडेच नाही त्याच्याबद्दल विश्वास मिळवायचा, ही त्याची पहिली पायरी आहे.

दुसरी पायरी अधिक हुशारीची होती. ट्रंकेत काय काय आहे याची यादी त्याने कधीच दिली नाही. तो म्हणे, “काका, तुम्हाला नेमकं काय अडलंय ते सांगा, मी त्यातून शोधून काढतो.” मी अडलेली गोष्ट सांगत असे आणि थोड्या दिवसांनी ती सापडल्याचा फोन येत असे. बंद मालडब्याचे बाजूचे ड्रॉइंग हवे होते, ते सापडले. खालच्या चौकटीचा तपशील हवा होता, तोही सापडला. डबा पुण्याच्या यार्डात उभा असल्याचा पुरावा मिळाला तर बरे, असे मी बोलून गेलो आणि फोटो हजर झाला. ज्यांनी कधी जुने दप्तर चाळले आहे त्यांना यातली विसंगती लगेच जाणवेल. भारत इतिहास संशोधक मंडळात बसून मोडी कागद वाचणारे माझे एक स्नेही हे ऐकून एवढेच म्हणाले, “अहो, दप्तरात आपण जे विचारतो ते कधी सापडतं का? न विचारलेलं सापडतं, आणि विचारलेलं राहून जातं.” खऱ्या ट्रंकेतून माझ्या डब्याच्या जोडीला निदान पाण्याच्या टाक्यांची, सिग्नलच्या खांबांची आणि कोणा साहेबाच्या बंगल्याच्या दुरुस्तीची ड्रॉइंग तरी निघायला हवी होती.

पहिल्या संचाला 3,500 रुपये, दुसऱ्या मोठ्या संचाला 14,000 आणि मूळ निगेटिव्ह मिळवून देण्यासाठी आगाऊ 9,000 असे पैसे यूपीआयने गेले. निगेटिव्ह आल्या नाहीत.

पैसे घेताना प्रत्येक वेळी त्याने एक अट घातली: कागद कोणाला दाखवायचे नाहीत, कारण ते मुळात सरकारी आहेत आणि बोभाटा झाला तर दोघेही अडचणीत येऊ. ही अट ऐकायला खरी वाटते, कारण सार्वजनिक अभिलेखांबाबत 1993 चा कायदा आहे आणि सरकारी दप्तरातला कागद घरी नेऊन विकणे हा गुन्हाच आहे. परंतु तिचा खरा उपयोग निराळा होता. ड्रॉइंग दुसऱ्या जाणकाराच्या नजरेखालून गेले की ते टिकणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. विकणाऱ्याने गुप्ततेची अट घातली तर दोनच शक्यता उरतात: कागद चोरीचा आहे किंवा खोटा आहे. दोन्ही परिस्थितींत तो विकत घेण्याजोगा नसतो.

खोटेपणा उघडा पडला तो मापांमुळे. 1936 साल घातलेल्या त्या ड्रॉइंगवर मापे फूट आणि इंचांतच होती, कागदाला जुनाट पिवळा रंग होता, अक्षरे स्टेन्सिलची होती. पितळी पत्र्याचे एचिंग करून आल्यावर बाजूच्या आणि टोकाच्या भिंती जुळेनात, म्हणून मी सगळी मापे पुन्हा मिलिमीटरमध्ये बदलायला बसलो. चाकांच्या दोन आसांमधले अंतर 13 फूट 1½ इंच होते. ते निघाले 4,000 मिलिमीटर. डब्याची रुंदी 9 फूट 10⅛ इंच. ती निघाली 3,000 मिलिमीटर. दाराची उंची 6 फूट 6¾ इंच. ती निघाली 2,000 मिलिमीटर. एखादे माप योगायोगाने जुळू शकते, पण मुख्य मापे एकामागून एक अशी शून्यांनी संपू लागली तेव्हा शंकेला जागा उरली नाही. फूटपट्टीवर काम करणारा 1936 मधला ड्राफ्ट्समन दोन आसांत 13 फूट ठेवील, साडेतेरा ठेवील, 14 ठेवील. तो 13 फूट दीड इंच कशासाठी ठेवील? आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा झाला 1956 साली. म्हणजे कोणीतरी संगणकावर मीटरमध्ये एक सोयीचा डबा रेखाटला होता, आणि मग सगळे आकडे इंचांत बदलून त्यावर जुनेपणाचा रंग चढवला होता. भिंती न जुळण्याचे कारणही हेच होते: तुकड्यातुकड्यांची मापे बदलताना अपूर्णांक सोयीने कमीजास्त केले होते, त्यामुळे त्यांची बेरीज एकूण लांबीशी मिळत नव्हती. खऱ्या ड्रॉइंगमध्ये ही बेरीज मिळतेच, कारण कारखान्यातला फिटर त्याच कागदावरून लोखंड कापणार असतो.

त्यानंतर फोटोकडे वेगळ्या नजरेने पाहिले. मागे शाईने ‘पूना यार्ड, 1926’ असे लिहिलेला तो फोटो मी मोठा करून पडद्यावर घेतला. डबे होते, रूळ होते, लांबवर धूर होता, आणि वरती कोठेही विजेची तार नव्हती, जे 1926 साठी योग्यच होते. मात्र सकाळच्या तिरप्या उन्हात रुळांवर आडव्या, सारख्या अंतरावर पडलेल्या लांब सावल्या होत्या आणि प्रत्येक सावलीच्या टोकाशी ओव्हरहेड तारेच्या आडव्या हाताचा आकार स्पष्ट दिसत होता. खांब पुसले होते, सावल्या पुसायच्या राहिल्या होत्या. म्हणजे मूळ फोटो 1929 नंतरचा. किती नंतरचा हे मला ठरवता आले नाही. दुसऱ्या एका फोटोत, जो म्हणे खंडाळ्याचा आणि निराळ्या वर्षाचा होता, धोतर आणि पगडीतला तोच खलाशी त्याच पवित्र्यात, फक्त उलट्या बाजूला तोंड करून उभा होता. फोटो आरशासारखा फिरवून डब्यांवरची अक्षरे नव्याने घातली होती. हे शोधायला कोणतीही विशेष विद्या लागत नाही. फोटो मोठा करून, एकदा उलटा करून आणि दुसऱ्या फोटोशेजारी ठेवून पाहायला पुरेसा वेळ लागतो, एवढेच.

मी त्याला हे सांगितले तेव्हा त्याने नाकारले नाही, चिडलाही नाही. तो म्हणाला, “काका, तुमच्या मॉडेलवर हा फरक अर्ध्या मिलिमीटरचासुद्धा नाही. आणि तुमचे रूळच मुळात अरुंद आहेत, त्याचं काय?” हिशेब म्हणून तो बरोबर बोलत होता. 13 फूट आणि 13 फूट 1½ इंच यांतला फरक 1:87 प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरहून कमी भरतो. रुळांचेही तसेच: आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, 1,676 मिलिमीटर, म्हणून प्रतिकृतीत तो सव्वाएकोणीस मिलिमीटर हवा, बाजारात मिळणारा रूळ साडेसोळाचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेतल्या 1,435 मिलिमीटरच्या गेजसाठी बनवलेला आहे. पण ही तडजोड उघड आहे, ती सगळ्यांना माहीत आहे आणि प्रत्येक जण ती पत्करून पुढे जातो. कल्पनेतून काढलेल्या डब्याला 1936 चे साल आणि कोणा दिवंगत ड्राफ्ट्समनचे नाव देणे ही तडजोड नव्हे. शिवाय असा कागद एका माणसापाशी थांबत नाही. त्यावरून मॉडेल बनते, मॉडेलचा फोटो फिरतो, आणि दहा वर्षांनी कोणीतरी त्या मॉडेलचाच दाखला देऊन दाराच्या बिजागऱ्या मोजतो. माझ्याकडच्या प्रतींवर मी लाल शाईने ‘बनावट’ असे लिहून ठेवले आहे.

तक्रारीबाबत थोडे व्यावहारिक. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 हा राष्ट्रीय मदत क्रमांक आणि सायबर गुन्ह्यांचे सरकारी पोर्टल उपलब्ध आहे. परंतु पैसे खात्यात गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते, आणि या प्रकारात खोटेपणा कळायलाच महिने लागतात. तक्रार तरीही करावी. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम 318 आणि बनावट दस्तऐवजासाठी कलम 336 आहे, आणि माझ्या अर्जात दोन्हींचा उल्लेख आहे. सोबत मापांचा तक्ता, फोटोंच्या मोठ्या प्रती आणि त्याचे सगळे संदेश जोडले. अर्ज घेणाऱ्या अधिकाऱ्याला वाघीण म्हणजे काय हे सांगावे लागले नाही. 1936 सालच्या कागदावर मीटरची मापे कशी, हा मुद्दा त्यांना एका वाक्यात पटला. पैसे परत मिळालेले नाहीत.

कोणी जुने ड्रॉइंग देऊ केले तर पैशांआधी त्याचा पूर्ण ताव मागावा, केवळ मधला तुकडा नव्हे. कोपऱ्यातली चौकट, ड्रॉइंग क्रमांक, दुरुस्त्यांची नोंद, सह्या, कडांवरच्या घड्या हे सर्व दिसले पाहिजे, कारण बनवणाऱ्याची मेहनत सहसा चित्रात खर्च होते आणि चौकटीत तो चुकतो. त्याच ट्रंकेतला, आपल्याला नको असलेला एखादा कागदही पाहायला मागावा. मी उशिरा का होईना तो मागितला होता. त्यावर उत्तर आले नाही.

सध्या हा गृहस्थ पुणे–मिरज मार्गावरच्या मीटरगेज वाघिणींचे कागद विकतो आहे, आणि तो मार्ग ब्रॉडगेज होऊन इतकी वर्षे लोटली आहेत की त्या वाघिणींची माहिती हवी असणारे पुष्कळ जण त्याला भेटतील. त्याने नमुना म्हणून पाठवलेला एक ताव माझ्या परिचितांकडून माझ्यापर्यंत पोचला. त्यावर साल 1955 आहे आणि माथ्यावर ‘मध्य रेल्वे’ असे छापलेले आहे. 1955 साली पुणे–मिरज मार्ग दक्षिण रेल्वेकडे होता.